टिटवीच्या जागेवर

हे मी आजपर्यंत एकाही माणसाला बोललो न्हाई. मी, ज्याच्या तोंडाला कुलूप न्हाई असं आमची माय चारचौघात सांगती, तो मी हे एवढं एक तोंडात धरून बसलोय. तुम्ही समोर असते तर आताही बोललो नसतो. समोर माणूस आला की मला त्याचा आवाज काढायची खाज सुटती, मंग तो हसतो, मी हसतो, अन् खरं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहून राह्यलो. लिहिताना कोणी हसत न्हाई.

तुम्ही मला ऐकलं असंल कदाचित. जालन्यात, बदनापूरकडं, कोणाच्या हळदीला, कोणत्या कॉलेजच्या गॅदरिंगला. आवाज काढणारा पोरगा. चढावर रडणारी एसटी, मोंढ्यातला लिलाव, कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच सुनेला हाका मारणारी सासू अन् नंतर होणारी शिट्टी. आमचे हेडमास्तर दर वाक्याआधी घसा खाकरायचे, तो खाकर मी त्यांच्यासमोर काढला होता अन् दोन दिवस वर्गाबाहेर उभा होतो. तिथंही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतच होतो.

हा गुण माझ्या आज्याकडून आला. आज्या मेंढरं राखायचा. कोकरू चुकून मागं राह्यलं की आज्या ओठ दुमडून असा आवाज काढायचा की कोकरू माय समजून पळत यायचं. आज्याच्या धोतराला नाक घासायचं. अन् मंग तिथंच उभं राहायचं, इकडं बघ, तिकडं बघ. मला त्याचं लई हसू यायचं तव्हा.

सांगतो. जरा सरळ येऊ द्या मला.

रंगनाथ काकांचं दुकान मोंढ्याच्या रस्त्याला आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतात. मी कॉलेजात होतो अन् माझा कार्यक्रमाचा स्पीकर फाटला होता, म्हणून कोणीतरी सांगितलं, काट्यावाल्या काकांना दाखव, त्यांना सगळं जमतं. गेलो. स्पीकर टेबलावर ठेवला. अन् कोपऱ्यात बघतो तर एक कॉम्प्युटर, इतका जुना की पिवळा पडून त्याला कावीळ झाल्यासारखा. बाजूला एक चपटा डबा, वर लाल बारके दिवे.

"हे काय काका? ह्याच्यावर गहू मोजता?"

"ह्याच्यावर माणसं बसायची," काका म्हणले.

मला वाटलं म्हातारा आपल्यापेक्षा वरचढ जोकर आहे.

मंग त्यांनी सांगितलं. इंटरनेट आपल्याकडं आलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. हा चपटा डबा म्हंजे मोडेम. तो फोनच्या लाइनीला जोडायचा, अन् दुसऱ्या कोणाकडं कॉम्प्युटर अन् मोडेम असला की तो आपल्या नंबरावर फोन लावायचा. माणसाऐवजी कॉम्प्युटर फोन उचलायचा. पडद्यावर अक्षरं यायची: कोण काय लिहून गेलं ते वाचा, तुमचं काय असंल ते लिहा अन् उठा. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस. तो उठला की दुसरा. असे फलक जगभर होते, काकांनी एका मासिकात वाचलं अन् जालन्यात चालू केला. नाव ठेवलं 'पार'. गावात झाडाखाली जो असतो तोच. आलं की 'बसलो' लिहायचं, जाताना 'उठलो'. खरं नाव कोणी कोणाला विचारायचं न्हाई, सगळ्यांना टोपणनावं. फक्त एक रिवाज होता. पहिल्यांदा येणाऱ्याला काका स्वतः फोन करायचे अन् त्याचा आवाज ऐकायचे. आवाज दिल्याशिवाय पारावर जागा न्हाई.

कोण यायचं? बियाण्याच्या धंद्यातले दोघं-तिघं, एक डॉक्टर, शेतकी केंद्रातला कोणी, दोन-चार कॉलेजची पोरं. अन् काय बोलायचे? मला वाटलं काहीतरी भारी, विज्ञान बिज्ञान. काका म्हणले, पाणी. सगळ्यात जास्त चालायचा तो 'पाणी' म्हणून विभाग. कोणत्या गल्लीला नळ सुटला, कुठं टँकर येणार, कोणाच्या बोअरला लागलं. जालन्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज न्हाई.

काकांनी मला मोडेमचा आवाज ऐकवला. दुकानातल्या दुकानात दोन मोडेम एकमेकांना जोडून. आधी पिपिपिप, मंग पत्र्याच्या दारात शिंगं अडकलेल्या बोकडासारखं एक लांब किंचाळणं, मंग चाळणीत ज्वारी हलवल्यासारखं खर्रर्र, अन् मंग एकदम शांत. शांत झालं म्हंजे जोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो अन् दारातूनच तोंडानं तो आवाज काढला. पूर्ण. शेवटच्या शांततेसकट.

काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "अय बहुरूप्या! परत कर. परत." आतून काकू आल्या, त्यांनी ऐकला अन् म्हणल्या, "अगं बाई, हा आवाज! ह्या आवाजानं माझी अर्धी जवानी झोपेविना गेली."

तिथून माझं येणं-जाणं सुरू झालं. जेवायलासुद्धा. काकूंना मूलबाळ न्हाई. माझं ताट त्यांच्याकडं वेगळं होतं, काठाला पोचा पडलेलं, तेच मला लागायचं.

काकूंच्या कपाळावर, टिकलीच्या वरच्या अंगाला, एक वाकडी खूण आहे. ती कशाची, हे मी विचारलं न्हाई. काकांनीच एक दिवस सांगितलं.

पारावर एक 'टिटवी' होता. बदनापूरकडून फोन करायचा. सगळ्यात हसरा, सगळ्यात चावट. नगरपालिकेची तो अशी टर उडवायचा की लोक फक्त त्याचं वाचायला फोन लावायचे. सगळं लिहिणं इंग्रजी बारक्या अक्षरात, मराठी शब्द, कुठंही पूर्णविराम न्हाई, 'सुद्धा'च्या जागी 'बी', अन् वाक्यामागं 'बराबर का?' काकांना 'रंगूभाऊ' म्हणायचा. दोघं कधी भेटले न्हाईत, पण काका म्हणायचे, तसा दोस्त मला परत झाला न्हाई.

मंग एका उन्हाळ्यात 'पाणी'मध्ये टिटवीच्या नावानं खबर आली: आज दुपारी शाळेमागच्या मैदानात टँकर येणार, जल्दी जा. काकांनी घरी सांगितलं. काकू अन् गल्लीतल्या बाया घागरी घेऊन गेल्या. टँकर आलाच न्हाई. बाया उभ्या राह्यल्या, आता येईल मंग येईल म्हणून, त्या उन्हात. काकू चक्कर येऊन पडल्या, कपाळ घागरीच्या काठावर आपटलं. टाके पडले.

काकांनी घरी येऊन आधी काय केलं असंल, तर टिटवीला पारावरून काढलं. कायमचं. त्यानं फोन केला. काका म्हणले, "तो एकच सांगून राह्यला होता, रंगूभाऊ, मी तर उठलो होतो, माझी लाइन कट झाली होती, मी लिहिलंच न्हाई ते. अन् मी फोन ठेवून दिला. कोण ऐकून घेतं? ह्याला गंमत करायची सवय, हे सगळ्यांना माहीत होतं."

तो परत आला न्हाई. पुढं इंटरनेट आलं, पार ओस पडला, काकांनी मशीन झाकून ठेवलं.

आता ह्यात माझा काय गुन्हा, असं तुम्हाला वाटत असंल. येतो. मी मुद्दाम हळू चालून राह्यलोय, कळतंय मला.

मीच म्हणलं होतं, काका, पार परत चालू करू. बाहेरच्या देशात लोकांनी हे जुने फलक इंटरनेटवर आणलेत, आता फोन लावायची गरज न्हाई, कोणीही कुठूनही येऊन बसतो, तीच अक्षरं, तोच काळा पडदा. अशा फलकांची एक मोठी यादीच आहे, आपलंही नाव टाकू. काका लहान पोरासारखे खूश झाले. जुन्या डिस्कवरून सगळं काढलं. टिटवीचं, डॉक्टरचं, सगळ्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं. तेव्हाचा मोडेमसुद्धा साफ करायला म्हणून काकांनी उघडला. त्याच्या पोटात बारकी बारकी बटणं असतात, वर-खाली करायची. काका काट्याचं काम करताना लावतात ते भिंग डोळ्याला लावून बघत होते.

अन् तिथंच थांबले. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.

एक बटण चुकीच्या बाजूला होतं. काकांनीच लावलेलं, सुरुवातीपासून. त्याचा अर्थ असा—मला त्यांनी दोनदा समजावला—की कोणाची लाइन मधेच कट झाली, तर मशीनला कळायचंच न्हाई की तो माणूस गेला. जागा त्याच्या नावानं उघडीच राहायची. अन् पुढचा जो कोणी फोन लावंल तो थेट त्याच्या जागेवर जाऊन पडायचा. त्याच्याच नावानं.

"म्हंजे तो उठून गेल्ता," काका म्हणले. "खरंच गेल्ता. दुसरं कोणीतरी बसलं त्याच्या जागेवर."

ते दुसरं कोण, ते आता कधीच कळणार न्हाई. काकांना त्याच्याशी घेणंही नव्हतं. बदनापूरचा तो जुना नंबर लावून बघितला, लागलाच न्हाई. नाव तर माहीत नव्हतंच. पारावर नाव विचारत न्हाईत.

तिथून पुढं पार चालू करायचं कारणच बदललं. आत येताना जो पहिला पडदा दिसतो, त्याच्यावर काकांनी स्वतः बसून एक ओळ घातली: टिटवी, तू नव्हतास. चूक माझी होती. जागा ठेवलीय, ये.

अन् बसले वाट बघत.

लोक आले. फिनलंडहून एक मास्तर आला, ब्राझीलहून कोणी, त्यांना जुने फलक गोळा करायचं वेड. ते यायचे, नमस्कार लिहायचे, 'पाणी' म्हंजे काय विचारायचे. काका त्यांना डिक्शनरी घेऊन उत्तर द्यायचे की आमच्या शहरात नळ रोज येत न्हाई. फिनलंडच्या मास्तरला ते खोटंच वाटलं. दोन-तीन महिने असं चाललं. काका काटे उघडून ठेवायचे अन् डोळा पडद्याकडं. हसणं बंद. मी मोडेम काढून दाखवला तरी नुसतं 'हं'.

मला ते बघवेना, असं लिहिणार होतो. खोडलं. खरं काय ते लिहितो. मला माझं गिऱ्हाईक परत पाहिजे होतं. काकांसारखा हसणारा माणूस मला दुसरा मिळाला नव्हता, अन् तो हसेनासा झाला होता.

टिटवीचं सगळं जुनं लिहिणं माझ्यासमोर होतं. मी ते वाचून वाचून त्याची चाल उचलली, जशी कोणाचीही उचलतो. कुठं थांबतो, कुठं टोमणा टाकतो, 'बराबर का' कुठं घालतो. एक दिवस घरून, टिटवी म्हणून, पारावर जागा मागितली. लिहिलं: रंगूभाऊ, बसलो, एवढ्या वर्षांत नळाला आलं का पाणी, का मी उगाच आलो, बराबर का?

विचार केला होता की दुकानात जाईन, काका सांगतील, मी फिस्सकन हसंन, ते मला एक काटा फेकून मारतील. एवढंच. खरंच एवढंच.

मी दुकानात पोचलो तर काका जागेवर नव्हते. काकू म्हणल्या, "अनवाणीच गेलेत बघ बाजारात. म्हणले पेढे आणतो." त्या रडत होत्या अन् हसत होत्या. "आला रे तो. मी तेव्हाच म्हणले होते ह्यांना, ते पोरगं तसं न्हाई. ऐकलं का माझं?"

तेव्हा सांगायचं होतं. दारातच. काकूंच्या तोंडावर बघून.

मी पेढा खाल्ला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे कदाचित तुम्हाला हसत सांगितलं असतं. पण रिवाज होता ना—आवाज. काकांनी पारावर लिहिलं, टिटवी, नवीन येणाऱ्यासारखाच तुझा आवाज ऐकतो, नंबर दे. माझ्याकडं तेव्हाही वेळ होता. नंबर द्यायचाच न्हाई, परत यायचंच न्हाई. मी एका मित्राचं सिम घेतलं. गावाबाहेर विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. टिटवीचा आवाज मला काकांनी कितीदा सांगितला होता: थोडा नाकातला, अन् वाक्य संपताना खाली यायच्या जागी वर जाणारा, जसं काही तो सगळंच विचारून राह्यलाय. मी त्याच्यात वय मिसळलं. घशात थोडी खरखर टाकली. एवढी वर्षं झालीत, माणूस म्हातारा व्हायला पाहिजे.

फोन आला.

  काका म्हणले, "टिटवी, ते बटण माझं चुकलं होतं रे. तू सांगत होतास अन् मी फोन ठेवला." अन् ते रडायला लागले. मोठ्यानं, दुकानात, गिऱ्हाईकासमोर असतील कदाचित. अन् मी—हे लिहायला मला सगळ्यात जड जाऊन राह्यलंय—मी त्या वेळी काय विचार करत होतो, माहितीय? की शेवट वर जाऊन राह्यला ना. खरखर टिकून राह्यलीय ना. एक माणूस माझ्या कानात रडत होता अन् मी माझा सूर सांभाळत होतो. अन् तो सांभाळला गेला म्हणून मला आतून मजा आली. बिलकुल खोटं न्हाई सांगत. मजा आली.

"सोडा हो रंगूभाऊ," मी म्हणलं. "मी कधीच विसरलो ते. तुम्हीही विसरा. बराबर का?"

दुसऱ्याच्या वाटची माफी मी देऊन टाकली. मला कोणी अधिकार दिला होता?

काका परत हसायला लागले. काटे दुरुस्त करताना गाणं म्हणायला लागले. पहिल्या पडद्यावरची ती ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकली. आता ती कशाला, आला ना तो. काकू टिटवीला जेवायला बोलवायच्या, मी टिटवी होऊन लिहायचो, वहिनी, आता लई लांब असतो, पुढच्या खेपेला. दिवाळीला दोन ओळी टाकायचो. सगळं बराबर चाललं होतं. अन् पारावर रोजची झाडझूड काकांनी माझ्यावर सोपवली होती. नवीन कोणी जागा मागितली की आधी मला दिसायचं, मी बघून पुढं पाठवायचो, मंग काका फोन करायचे.

इथपर्यंत जे सांगितलं ते मी कधीतरी कोणाला तरी सांगितलंही असतं, दारू पिऊन वगैरे. पुढचं न्हाई.

साधारण वर्षभरानं एक अर्ज आला. दुपारची वेळ होती, काका जेवायला आत गेल्ते, मी त्यांच्या खुर्चीत. नाव लिहिलं होतं: टिटवी.

मला पहिल्यांदा वाटलं मीच कधीतरी चुकून पाठवला असंल.

खाली लिहिलं होतं, जसंच्या तसं आठवतंय: रंगनाथराव, फलकांच्या यादीत पार हे नाव दिसलं म्हणून आलो. मला बसायचं नाही. एकच सांगायचं होतं. टँकरची ती खबर मी लिहिली नव्हती. माझी लाइन आधीच तुटली होती. वहिनींना लागलं होतं असं नंतर कळलं. त्या बऱ्या आहेत ना? एवढं कळवलंत तरी पुरे.

बास. एक टोमणा न्हाई, एक 'बराबर का' न्हाई. वाक्यावाक्याला पूर्णविराम. 'रंगूभाऊ'चा 'रंगनाथराव' झालेला. इतकी वर्षं गेल्यावर माणसाचं लिहिणं जसं होतं तसं, जड, सांभाळून. माझी टिटवी त्याच्यापेक्षा जास्त टिटवी होती. दोघांना शेजारी बसवलं असतं तर काकांनी माझ्याच टिटवीला ओळखलं असतं.

तो नव्हता एवढंच त्याला सांगायचं होतं, अन् त्याचं उत्तर वर्षभरापूर्वीपर्यंत त्याच दारावर लावलेलं होतं. माझ्यामुळं काढलं गेलं होतं.

आत काकूंच्या ताटल्यांचा आवाज येत होता. काका म्हणत होते, "त्याला हाक मार ना, वरण गार होऊन राह्यलं." मला. मला हाक मारायला सांगत होते.

मी अर्ज नाकारला. एक कळ दाबायची असते, एकच. नाकारल्यावर समोरच्याला एक ठरलेला मजकूर जातो, काकांनी त्या जुन्या काळात लिहिलेला, तो आम्ही बदलला नव्हता: पारावर तुम्हाला जागा नाही. रंगनाथ. टिटवीला पहिल्यांदा काढलं तेव्हा हाच मजकूर गेल्ता.

मी हात धुवायला उठणार, तेवढ्यात त्याच नावानं परत एक अर्ज. त्यात दोनच शब्द होते.

अजून बी?

ते 'बी' जुन्या टिटवीचं होतं. एवढं एक राह्यलं होतं त्याच्यात.

मी तोही नाकारला. अन् त्याचा पत्ता बंद करून टाकला, म्हंजे त्यानं परत कितीही लिहिलं तरी आमच्याकडं उमटणारच न्हाई. दोन्ही अर्ज पुसले. मंग आत जाऊन जेवलो. काठाला पोचा पडलेल्या ताटात. काकू म्हणल्या, "काय रे, आज एकही आवाज न्हाई?" मी कुकर काढून दाखवला.

त्या माणसाला एका पारावरून दोनदा उठवलं गेलं. दोन्ही वेळा त्यानं काही केलं नव्हतं. पहिल्यांदा बटण चुकीचं होतं. दुसऱ्यांदा कोणतंही बटण चुकीचं नव्हतं.

पुढं केव्हातरी मी तो पत्ता परत उघडला. तिथून काही आलं न्हाई. कामून यावं? कुठं शोधायचं हेही मला माहीत न्हाई, नाव न्हाई, गाव न्हाई. तो आहे का, तेही न्हाई माहीत. टिटवी म्हणून लिहिणं मी सोडलं. काका म्हणतात, कामात असंल, त्याचं मन आता साफ आहे, मला काळजी न्हाई. फिनलंडच्या मास्तरला त्यांनी ती सगळी गोष्ट लिहून पाठवली, बटण, पेढे, फोन, सगळी. मास्तरनं उत्तर दिलं की अशी सुंदर गोष्ट त्यानं कोणत्याही फलकावर वाचली न्हाई. काका ते दुकानात येणाऱ्याला वाचून दाखवतात. मी तिथंच असतो बऱ्याचदा. मान हलवतो.

मागच्या आठवड्यात मी गेल्तो. एक गिऱ्हाईक बसलेलं, काका त्याला माझं कौतुक सांगून राह्यले होते, हा मोडेम काढतो तोंडानं, हा अख्खं जालना काढतो. मंग माझ्याकडं वळून म्हणले, "पण बहुरूप्या, टिटवी तू कधी काढला न्हाईस रे."

"ऐकलाच न्हाई काका मी त्याचा आवाज," मी म्हणलं.

"हां, तेही खरं. तू कुठं ऐकणार." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "थांब, मी काढून दाखवतो. मला जमत न्हाई तुझ्यासारखं, पण बघ."

अन् काकांनी डोळे मिटून टिटवीचा आवाज काढला. "सोडा हो रंगूभाऊ, बराबर का?" थोडा नाकातून. शेवट वर जाणारा.

अन् घशात ती खरखर. मी टाकलेली.

"असा होता," काका म्हणले. "बिलकुल असाच."